बासष्टावा भाग

विजयमाला नजन रागावलेली फार थोड्यांनी पाहिली असेल. शेवगावात पैठण रस्त्यावरून आत वळलं की तिचं घर लागतं. पुढच्या खोलीत नवऱ्याचं, गहिनीनाथाचं, मोटारी भरायचं दुकान आणि मागं तिचा संसार. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घेऊन माणसं येतात, तांब्याची तार गुंडाळून होईपर्यंत पायरीवर बसून राहतात. त्यांना पाणी, चहा, कधी भाकरीसुद्धा विजयमालाच देते. कुणापुढं तिनं कधी तांब्या आदळला नाही. सकाळी पूजा, गुरुवारचा उपास, श्रावणात पोथी आणि दुपारी वही. वहीत रोजची तिथी घालून दिवसभरात जे झालं ते चार ओळींत लिहून ठेवायचं, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. अशी बाई कुणावर सूड उगवील असं म्हटलं असतं तर गल्ली हसली असती. पण ज्याला हात जोडता येतात त्याला मूठ वळता येत नाही, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

सगळं सुरू झालं एका मालिकेवरून. 'ओवरीतला दिवा' रोज संध्याकाळी साडेसातला लागायची. त्यातली गौतमी नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, आजारी आईला सांभाळत वणवण फिरणारी. सयाजी नावाचा दीर तिच्या मुळावर उठलेला. दोनशे अठरा भाग झाले आणि चॅनेलनं एका शनिवारी मालिकाच गुंडाळली. गौतमी आईचा हात धरून एसटी स्टँडवर उभी, लांबून गाडीचे दिवे दिसतायत, आणि संपलं. सोमवारी त्याच वेळेला तिथं नाचगाणं.

"ती बाई स्टँडवरच राहिली की," विजयमाला भाकरी थापता थापता म्हणाली.

"नटी हाय ती. गेली आसंल आपल्या गाडीत बसून घरी," गहिनीनाथ म्हणाला.

"नटी गेली हो. गौतमीचं काय?"

ह्यावर गहिनीनाथानं ताटातलं कालवण बोटानं निपटलं.

त्यांची लेक दिशा नगरला कॉलेजात शिकते. दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिनं आईच्या मोबाईलवर गोष्टींचं एक ॲप घालून दिलं. तिथं बंद पडलेल्या मालिकांचं पुढं काय झालं, हे बायका आपापल्या मनानं लिहीत होत्या. कुणी मेलेल्या नायकाला उठवत होतं, कुणी खाष्ट सासूला काशीला धाडत होतं. विजयमालानं दोन दिवस नुसतं वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी वही घेतली. तिचा पहिला भाग एवढाच होता: गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं. गौतमीनं आधी आईला चढवलं, मग गाठोडं, मग स्वतः.

नाव घेतलं 'माला शेवगावकर'. दर गुरुवारी फराळ उरकला की वहीत लिहायचं आणि मग एका बोटानं मोबाईलवर उतरवायचं. असे एकसष्ट गुरुवार गेले, एकही चुकला नाही. वाचणाऱ्या दोन हजारांवर गेल्या.

त्यांना खरी ओढ होती ती गौतमीपेक्षा तिच्या आईची. मालिकेत ती म्हातारी नुसती खोकायची. विजयमालाच्या हाती आल्यावर ती बोलायला लागली. "लेकी, भूक लागली म्हनून रडू न्हाई. रडलं की जास्त भूक लागती," असलं काहीबाही. हे कुठून येत होतं ते विजयमालाला ठाऊक होतं. बोधेगावच्या बाजूला भावाकडं तिची आई होती, बनुबाई. तिला अक्षराची ओळख नव्हती, पण पोथी ऐकून ऐकून अध्यायच्या अध्याय पाठ. वाचणाऱ्यानं एक ओवी गाळली तरी मागून आवाज यायचा, "माघारी या." गोष्टीतली आई म्हणजे बनुबाईच, फक्त लुगड्याचा रंग बदललेला.

ह्या दोन हजारांत एक जया होती, काष्टीची. गुरुवारी भाग पडला की पहिली कमेंट तिची. 'ताई, आई बोलली की अंगावर काटा येतो.' 'ताई, आज दोनदा वाचला.' विजयमाला आधी तीच कमेंट शोधायची. तोंड पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही, पण वहीत एका ठिकाणी तिनं लिहून ठेवलं होतं: जया म्हणजे न पाहिलेली बहीण.

एकसष्टाव्या भागात डॉक्टरनं गौतमीला बाजूला घेऊन सांगितलं, आईचे आता थोडेच दिवस. बासष्टाव्यात आई जाणार होती. तसं तिनं वहीच्या कडेला नोंदवून ठेवलं होतं. आणि त्या पौषातल्या मंगळवारी सकाळी भावाचा फोन आला. बनुबाई चूल पेटवता पेटवता बसल्या जागी गेली होती.

माहेरी जाण्याआधी विजयमालानं ॲपवर एक ओळ टाकली: 'काही दिवस पुढचा भाग येणार नाही.' कारण लिहिलं नाही. आई गेल्याची दवंडी कुठं पिटतात का?

माहेराहून परतल्यावर ती गुरुवारी वही घेऊन बसायची. पेन हातात, वहीच्या कडेला नोंदवलेलं समोर, आणि हात काही हलायचा नाही. बोधेगावची आई चितेवर गेली ती गेली. वहीतली मात्र अजून खाटेवर बसलेली होती, खोकत होती, बोलत होती. बासष्टावा लिहिला की तीही जाणार. तो लिहिला नाही तोवर जगात एक आई शिल्लक होती, आणि तिला मारायचं की नाही हे विजयमालाच्या एकटीच्या हातात होतं. हे ती कुणाला सांगणार? गहिनीनाथाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, झोप जरा.

इकडं कमेंटी सुरू झाल्या. बाकीच्या बायका 'वाट बघतोय' म्हणून गप्प राहिल्या. जया गप्प राहीना.

'ताई, पुढचा भाग कधी?'

'दोन गुरुवार झाले.'

'जिवंत आहात ना?' हे आलं बनुबाईच्या तेराव्याला. पंगत बसली होती, विजयमाला वाढत होती, आणि कमरेला खोचलेला मोबाईल वाजला म्हणून तिनं बघितलं. हातातलं वरणाचं पातेलं तिनं खाली ठेवलं आणि भावजयीला म्हणाली, "तू वाढ पुढं."

नंतर तर धरबंधच राहिला नाही. 'वाचकांना लोंबकळत ठेवायचं हीच रीत का?' 'लिहायला येत नव्हतं तर एकसष्टपर्यंत आणलं कशाला?' 'वाचकांनी किती समजून घ्यायचं?' दीड महिन्यात सतरा. विजयमालानं एकीलाही उत्तर दिलं नाही. सतराच्या सतरा वहीत उतरवून घेतल्या, तिथीसकट.

"कशाला गं लिहून ठेवतेस?" दिशानं फोनवर विचारलं.

"देवाला दाखवायला," विजयमाला म्हणाली.

माघ सरता सरता जयानं कळस केला. तिनं स्वतःच्या नावानं बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट असे चार भाग एका दिवसात टाकले आणि खाली लिहिलं: समाप्त. वर एक चिठ्ठी: 'अर्धवट राहिलेलं पारायण दुसऱ्यानं पुरं करावं अशी आपल्याकडं रीत आहे. ते पुण्य मी पदरात घेतलं.'

विजयमालानं ते नैवेद्य दाखवून झाल्यावर वाचलं, देवघरापुढच्या पाटावर बसूनच. चौसष्टमध्ये गौतमीचं लग्न लागलं होतं, तेही सयाजीशी. ज्यानं एकसष्ट भाग तिला रडवलं, त्याच्याशी. ते तिनं कसंबसं गिळलं. पण बासष्टमध्ये लिहिलं होतं: 'त्या रात्री आई गेली. गौतमी खूप रडली.' बास. दोन वाक्यं. दीड महिना जिला तिनं राखून ठेवलं होतं, तिला परक्या बाईनं दोन वाक्यांत मारून टाकलं होतं, न विचारता.

त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. गहिनीनाथानं घोटभर पाणी पिऊन विचारलं, "काय झालं?"

तिनं सांगितलं. तो मुळात अबोल माणूस, पण धंद्याचं निघालं की बोलतो.

"दुसऱ्यानं अर्धी भरलेली मोटार आपन हातात घेत न्हाई," तो म्हणाला. "गिऱ्हाइकानं लईच गळ घातली, तर त्येनं भरल्याली समदी तार काढून टाकायची, आन् पयल्या वेढ्यापासनं आपन भरायची. मधनंच जोड दिला की जळती."

विजयमालाचा घास हातात तसाच राहिला. "पहिल्या वेढ्यापासून," ती म्हणाली.

तिच्या माहेरची रीत तीच होती. पारायण नऊ दिवसांचं. वाचणाऱ्याला अडचण आली तर दुसऱ्याला बसता येतं, पण पहिल्यानं पोथीला हळदकुंकू वाहायचं, वर सुपारी ठेवायची आणि आपल्या हातानं द्यायची: इथवर माझं, इथनं पुढं तुझं. हाती न देता कुणी पोथी उचलली, तर ते वाचन फुकट. मग उचलणाऱ्यानं पहिल्या अध्यायापासून बसायचं, उपासतापासासकट. बनुबाईनं ह्यावरून एकदा आख्ख्या भावकीला पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजयमालानं वहीत पाच वेळा खाडाखोड करून चार ओळी तयार केल्या आणि जयाच्या समाप्तीखाली टाकल्या: 'जयाताई, रीत काढलीत ते बरं झालं. पण रीत पुरी सांगावी. हाती न दिलेली पोथी उचलली तर पहिल्या अध्यायापासून वाचावी लागते. मी तुम्हांला सुपारी दिलेली नाही. तेव्हा पुण्य हवं असेल तर पहिल्या भागापासून तुमच्या मनानं लिहा. आम्ही सगळ्या गुरुवारी वाट बघू.'

मग तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि गहू निवडायला घेतले.

पहिली कमेंट राळेगणच्या कुणा आरतीची पडली: 'खरं आहे. आमच्याकडंही हाती दिल्याशिवाय पोथी उचलत नाहीत. जयाताई, पहिला भाग कधी?' मग जी रांग लागली ती लागलीच. ॲपवरच्या बायका म्हणजे घराघरांत पारायणं करणाऱ्या बायका. दुसऱ्याची गोष्ट उचलली ह्याचा त्यांना एवढा राग नव्हता, पण रीत अर्धीच पाळली म्हटल्यावर सगळ्या पदर खोचून उभ्या राहिल्या. दोन दिवसांत दीडशे जणी.

जयाला अजूनही 'चुकलं' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तिनं लिहिलं, 'लिहिते की. त्यात काय एवढं.'

हे वाचून विजयमाला हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू काही देवाधर्माचं नव्हतं.

जयाचा पहिला भाग बरा होता. दुसराही चालून गेला. तिसऱ्यात सयाजीचा शिवाजी झाला आणि पुढच्या ओळीत परत सयाजी. चौथ्यात गौतमी ज्या गावाला पोचली होती त्याच गावाला पाचव्यात परत निघाली. आणि आई काही बोलेना. जयाला तिच्या तोंडात शब्दच घालता येईनात. 'आई मुकी झाली का?' एकीनं विचारलं, खाली चाळीस जणींनी हसरी तोंडं चिकटवली. सात भाग कसेबसे झाले आणि आठव्या गुरुवारी भाग पडला नाही.

विजयमाला ह्याच गुरुवारची वाट बघत होती. तिनं ॲपवर दुसरं नाव घेतलं, रंगुबाई. खोटं नाव घेणं पाप, हे तिला कळत होतं. पण रंगुबाई तिच्या आजीचं नाव होतं, आणि आजीचं नाव घेणं खोटं कसं? देवाशी एवढा वाद घालून झाल्यावर तिनं वही उघडली, सतरा कमेंटींवर बोट ठेवलं आणि पहिली जशीच्या तशी उतरवली: 'ताई, पुढचा भाग कधी?'

रोज एक. दुपारी नैवेद्य झाला की. एकादशीला तिनं टोमणा मारला नाही, द्वादशीला दोन मारले.

जयाची उत्तरं आधी ऐटीत यायची. 'टाकते, दम धरा.' मग, 'घरात कामं आहेत हो.' मग, 'थोडं समजून घ्या.' तेव्हा रंगुबाईनं वहीतली अकरावी ओळ काढली: 'वाचकांनी किती समजून घ्यायचं?' त्यावर जयाचं उत्तर आलं नाही. विजयमालाला त्या दिवशी भूक लागली. तिनं पुरण घातलं. दुकानातल्या पायरीवर बसलेल्या दोन अनोळखी शेतकऱ्यांनासुद्धा पोळी मिळाली, आणि आज कुठला सण हे त्यांना कळेना.

"आई, पुरे आता," दिशा फोनवर म्हणाली. "तिनं चूक केली, तिला कळली."

"अजून चार राहिल्यात."

"तू देवापुढं बसतेस ना रोज?"

"देवापुढं बसते म्हणून तर सतराच. देव नसता तर चौतीस झाल्या असत्या."

'जिवंत आहात ना?' ही ओळ तिनं क्रम मोडून शेवटाला ठेवली होती. ती टाकायच्या दिवशी मात्र तिचं बोट जरा अडखळलं. शब्द अशुभ होता. पण तेराव्याच्या पंगतीत तो आपल्यावर आलाच होता की. तिनं टाकला, आणि देवघरात एक वात जास्त लावली.

दुसऱ्या दिवशी बघते तर जयाचं सगळं गायब. सात भाग, ते चार भाग, समाप्ती, चिठ्ठी, सगळं. जिंकलो असं वाटायला हवं होतं. वाटलं, पण घटकाभरच. पुढचे तीन दिवस काष्टीहून एक अक्षर आलं नाही, आणि विजयमाला दर थोड्या वेळानं हात पुसून मोबाईल बघत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दुकानाच्या पायरीशी एक बाई उभी राहिली. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, हातात कापडी पिशवी; स्टँडपासून घर विचारत विचारत आलेली.

"माला शेवगावकर हितंच राहत्यात का?"

"शेवगावात समदेच शेवगावकर," गहिनीनाथ तारेवरची नजर न काढता म्हणाला. "तुमाला कोनच्या पायजेत?"

"गोष्टी लिव्हनाऱ्या."

त्यानं मान वर केली, बाईकडं बघितलं, आणि काय ओळखायचं ते ओळखलं. आत तोंड करून म्हणाला, "अगं, काष्टी आलीय."

विजयमाला कणकेच्या हातानं बाहेर आली. काष्टीहून नगर, नगरहून शेवगाव, दोन गाड्या बदलून आलेली बाई. तिला पाणी न विचारणं विजयमालाला जमण्यातलं नव्हतं. तिनं तांब्या दिला आणि आत वळली.

जया स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "रंगुबाई कोन हो?"

"माझी आजी."

"त्या बी ॲपवर हायेत?"

"वारली. पंचवीस वर्षं झाली."

जयानं तांब्या खाली ठेवला. "वाटलंच मला. पर लई उशिरा वाटलं. सतरा दिवस मी म्हनत हुते, कोन ही एवढी कजाग रांड, हिला घरदार हाय का न्हाई. मंग एक दिवस मागचं काढून बघितलं, तर समदी वाक्यं माझीच."

"तुमचीच. मी एक काना-मात्रा बदलला नाही."

"न्हाई बदलला," जयानं कबूल केलं.

विजयमाला परत परातीशी बसली आणि कणीक तिंबत म्हणाली, "जिवंत आहात ना, असं तुम्ही विचारलं, त्या दिवशी माझ्या आईचा तेरावा होता. मी पंगत वाढत होते."

चुलीवरचं आधण वाजत राहिलं.

"सांगायचं तर हुतं," जया म्हणाली.

"दोन हजार जणींना?"

"दोन हजार ऱ्हाऊ द्या. मला."

हे मात्र विजयमालाला बोचलं. न पाहिलेली बहीण म्हणून वहीत लिहिलं होतं, पण त्या बहिणीला तिनं सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. पण बोचलं म्हणून ती काही विरघळली नाही. उलट कणकेला दोन बुक्क्या जास्त पडल्या.

मग जया बोलायला लागली. तिची सासू चांगुणाबाई, दोन्ही डोळ्यांनी गेलेली. जया दर गुरुवारी तिला भाग वाचून दाखवायची. म्हातारी आठवडाभर त्यावरच जगायची. भाग बंद झाले तशी रोज सकाळी विचारायला लागली, त्या आईचं काय झालं गं, त्या आईचं काय झालं. "म्या म्हनलं, ह्या मरतील, आन् शेवट ऐकायचा ऱ्हाईल. म्हनून लिव्हला."

"सासूला ऐकवायला लिहिलात, तर तिच्या कानात सांगायचा," विजयमाला म्हणाली. "ॲपवर कशाला टाकलात?"

"वा वा मिळंल म्हनून," जया म्हणाली.

इतकं खरं उत्तर विजयमालानं अपेक्षिलंच नव्हतं.

"मग सासूबाई काय म्हणाल्या? आवडला शेवट?"

"कशाचं काय. दोन ओळी ऐकल्या आन् म्हनल्या, ही ती बाई न्हाई. हिच्या आईला धड मरता बी येईना." जया कडवट हसली. "त्येंनीच धाडलंय मला. जा, त्या बाईच्या वट्यात नारळ घालून ये. काढून टाकलंय मी समदं. तुमची पोथी तुमी माघारी घ्या."

तिनं पिशवीतून नारळ काढला आणि पुढं धरला. विजयमालानं हात धुतले, पदर पुढं केला आणि नारळ घेतला. चांगुणाबाईचं ते वाक्य मात्र तिच्या कानात गोड वाजत होतं. सतरा टोमण्यांनी जे झालं नव्हतं ते एका आंधळ्या म्हातारीनं एका वाक्यात केलं होतं. ते तिनं नंतर वहीत उतरवलं, तिथीसकट.

"मंग आता पुढचा भा..." जया म्हणाली, आणि जीभ चावली.

"जेवून घ्या," विजयमाला म्हणाली. "पिठलं केलंय."

जेवण तिनं मनापासून वाढलं. गरम पोळ्या, वर तुपाची धार, लसणाची चटणी. पाहुणीला कमी वाढणं हा सूड नसतो, तो कोतेपणा असतो. पण जयाचं पोट भरल्यावर तिनं अट घातली.

"उद्या दुपारी दोनला मी फोन करीन. फोन सासूबाईंच्या हातात द्यायचा आणि तुम्ही घराबाहेर जायचं. त्यांना मी बासष्टावा वाचून दाखवीन. त्यांना एकट्यांना."

"आन् मला?"

विजयमाला ताट उचलून मोरीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून ती वही घेऊन बसली. हात हलला. कसा हलला हे तिलाही सांगता आलं नसतं. सतरा दिवस रोज कुणाला तरी बोचेल असं लिहून लिहून पेन परत हातात बसलं होतं म्हणा, किंवा पलीकडं एक म्हातारी कान देऊन बसणार होती म्हणा. बनुबाईही अशीच बसायची, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. विजयमालानं लिहिलं: आई चुलीपुढं बसली. गौतमीला म्हणाली, आज मी करते, तू दमलीस. दोन भाकरी झाल्या. तिसरी तव्यावर टाकली आणि आईचा हात तव्याच्या कडेला तसाच थांबला. गौतमीनं हाक मारली. मग जवळ आली. मग तिला कळलं. भाकरीला करपल्याचा वास सुटत होता. आईनं कधी भाकरी करपू दिली नव्हती, म्हणून गौतमीनं आधी ती परतली, आणि मग आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

दोनला तिनं फोन लावला. पलीकडं आधी जया, मग चांगुणाबाईंचा घोगरा आवाज.

"सून बाहेर गेली का?"

"गेली. दार लावून घेतलंय. कोयंडा म्या हातानं चाचपला."

"आणि तिला सांगायचं नाही. शपथ घ्या."

"घेतली की. वाच आता."

विजयमालानं वाचायला घेतलं. मधे मधे "व्हय", "मंग?" असा आवाज येत होता. चुलीपाशी आल्यावर तो बंद झाला. भाकरीपाशी विजयमालाच थांबली, पाणी प्यायली आणि परत वाचायला लागली.

मग म्हातारीनं विचारलं, "परतली का भाकर तिनं?"

"परतली."

"शानी हाय पोरगी," चांगुणाबाई म्हणाल्या. "अशीच जायला पायजे हुती. हातात काम आसताना."

विजयमालानं डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात पलीकडं दार वाजलं आणि लांबून जयाचा आवाज आला, "आत्याबाई, काय झालं ओ? गेली का आई? कशी गेली?"

"तुला सांगायचं न्हाई म्हनलीय ती बाई," चांगुणाबाई ओरडल्या. "म्हशीकडं बघ जा."

विजयमालानं फोन ठेवला. तो भाग तिनं ॲपवर लगेच टाकला नाही. जया ताटकळावी म्हणून तीन गुरुवार जाऊ दिले. त्यापायी दोन हजार जणींना उगाच थांबावं लागलं, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं. ते तिनं देवाला सांगितलं. त्या तीन आठवड्यांत काष्टीहून एकही कमेंट आली नाही. ती आली नाही हे विजयमाला रोज दुपारी, हात पुसून, उघडून बघत होती.